‘अस्सल’ मोजायचं कसं? न्यू जर्सीतलं एक जेवण आणि आजीचे सरगुंडे

मागच्या आठवड्यात, नुकतीच पेट पास झालेल्या एका मुलीचा मेसेज आला. “ताई, विषय ठरलाय. वऱ्हाडातील अस्सल खाद्यपरंपरेचा अभ्यास. सिनॉप्सिस कसा लिहू?”

मेसेज वाचून मला हसू आलं, आणि मग जरा पोटात गोळाही आला. कारण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक जवळपास हेच होतं आणि तो परत आला होता. समितीतल्या एका सरांनी पहिल्याच पानावर ‘अस्सल’ या शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढला होता आणि बाजूला लिहिलं होतं, “म्हणजे काय? मोजणार कसं?” बस्स, एवढंच. तेव्हा मला त्या गोलाचा प्रचंड राग आला होता. वऱ्हाडात जन्मलेल्या पोरीला वऱ्हाडी जेवण अस्सल म्हणजे काय हे विचारता?

त्या गोलाचं उत्तर मला ग्रंथालयात सापडलं नाही. ते सापडलं न्यू जर्सीतल्या एका जुन्या इटालियन-अमेरिकन रेस्टॉरंटमध्ये, पांढऱ्या शुभ्र टेबलक्लॉथवर. ती गोष्ट आज सविस्तर सांगते. संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो, हे मला त्या एका जेवणातून जेवढं समजलं तेवढं संशोधन पद्धतीच्या कोर्सवर्कमध्येही समजलं नव्हतं.

जेवणाची गोष्ट

मी अन्नविज्ञानाची विद्यार्थिनी. एमएस्सीचं काम बन्सी गव्हाच्या शेवयांवर होतं. त्याचंच पोस्टर घेऊन एका परिषदेसाठी अमेरिकेत जायला मिळालं. पोस्टरच्या एका कोपऱ्यात आजीने केलेल्या सरगुंड्यांचा फोटो होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: बन्सी गव्हाची घट्ट कणीक भिजवायची, तिची बारीक दोरी वळायची, ती काडीभोवती गुंडाळायची आणि मग अलगद काडी काढून घ्यायची. मागे राहतो तो पोकळ, पिळाचा सरगुंडा. उन्हाळ्यात वाळवून ठेवायचे, पाहिजे तेव्हा शिजवायचे आणि आमरसासोबत खायचे. आमच्याकडे जावई आला की हा बेत हमखास.

माझ्या शेजारच्या पोस्टरवर इटलीतल्या बारी शहरातली एक संशोधक उभी होती. ती फोटोकडे बघून म्हणाली, “हे तर आमच्याकडचं आहे!” दक्षिण इटलीत लोखंडी सळईवर असाच पास्ता वळतात. सिसिलीत तर ‘बुसियाते’ नावाचा पास्ता आहे. तो पूर्वी एका रानगवताच्या काडीवर गुंडाळत. गहूही त्याच जातीचा, म्हणजे ड्युरम. आपला बन्सी हाही ड्युरमच आहे.

परिषद संपल्यावर दोन दिवस मावसभावाकडे होते. दादा मूळचा अकोल्याचा. म्हणाला, “चल, आज तुला अस्सल इटालियन खाऊ घालतो.”

रेस्टॉरंट म्हणजे सिनेमातलंच. मंद दिवे, भिंतीवर जुने कौटुंबिक फोटो, काळ्या जाकिटातले वयस्क वेटर, टेबलावर आधी गरम पाव आणि ऑलिव्ह तेल. मेनूवर एकही चित्र नाही, आणि किमतींपुढे डॉलरचं चिन्हही नाही. नुसते आकडे. ते आकडे मी मनातल्या मनात रुपयांत बदलत होते आणि माझ्या फेलोशिपशी ताडून बघत होते. वहिनींच्या लक्षात आलं. त्यांनी मेनूच माझ्या हातातून काढून घेतला.

आधी सीझर सॅलड आलं. वेटरने ते लाकडी कटोऱ्यात आमच्यासमोरच कालवलं. मग दादाचं चिकन पार्मेझान, म्हणजे ब्रेडक्रम्ब्स लावून तळलेलं चिकन, वर टोमॅटोचा सॉस, चीज आणि बाजूला स्पॅगेटी. वहिनींना तेच वांग्याचं. मला फेतुचिनी आल्फ्रेदो. शेजारच्या टेबलावर स्पॅगेटी आणि लिंबाएवढे मीटबॉल. वाढप एवढं, की अर्धं डब्यात भरून घरी आणलं.

मी फोटो काढून बारीवाल्या मैत्रिणीला पाठवले. तिचं उत्तर लगेच आलं: “छान दिसतंय! पण यातलं बरंचसं आमच्याकडे नाही मिळत.”

पुढचा धक्का बिल देताना बसला. मी वेटरकाकांना विचारलं, “तुम्ही इटलीत कुठले?” ते हसले. म्हणाले, “मी इक्वेडोरचा. स्वयंपाकघरातलेही बहुतेक आमच्याच बाजूचे.”

म्हणजे दादाच्या मते अस्सल, बारीच्या मुलीच्या मते नाही, आणि ते करणारे, वाढणारे हात तिसऱ्याच खंडातले. त्या क्षणी मला तो पेन्सिलचा गोल आठवला.

आधी इतिहास: ताटातला पदार्थ आला कुठून?

साधारण १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन लोक अमेरिकेत गेले. बहुतेक सगळे दक्षिण इटलीतले आणि सिसिलीतले, गरीब शेतकरी आणि मजूर. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने हा ओघ जवळजवळ बंद केला.

गावाकडे या लोकांच्या ताटात मांस क्वचित असायचं. अमेरिकेत मजुरी कष्टाची, पण मांस, चीज, डबाबंद टोमॅटो त्या मजुरीत परवडणारे. मग गावाकडे सणाला होणारा पदार्थ इथे रविवारी व्हायला लागला. इटलीत मांसाचे गोळे लहान असतात आणि बहुधा पास्त्यापासून वेगळे वाढतात. इथे ते मोठे झाले आणि स्पॅगेटीवर येऊन बसले. दक्षिण इटलीत ‘पार्मिजाना’ म्हटलं की मुख्यतः वांगी. अमेरिकेत त्या वांग्याच्या जागी चिकन आलं. इतिहासकार हासिया डायनर यांचं २००१ सालचं ‘हंगरिंग फॉर अमेरिका’ हे पुस्तक याच विषयावर आहे: उपाशी माणसं भरल्या देशात आली की त्यांचं अन्न कसं बदलतं. मिळालं तर वाचाच.

माझ्या ताटातल्या फेतुचिनीची गोष्ट आणखी मजेशीर आहे. रोममध्ये आल्फ्रेदो दि लेलिओ नावाचे रेस्टॉरंटवाले होते. त्यांची फेतुचिनी म्हणजे फक्त लोणी आणि पार्मेझान. १९२० मध्ये हॉलिवूडचे मेरी पिकफोर्ड आणि डग्लस फेअरबँक्स मधुचंद्रासाठी तिकडे गेले, त्यांना ती आवडली आणि त्यांनी तिचं नाव अमेरिकेत नेलं. पुढे अमेरिकेत त्यात क्रीम आलं. सीझर सॅलडचं श्रेय जातं सीझर कार्डिनी या इटलीत जन्मलेल्या माणसाला, साल १९२४. पण त्याचं हॉटेल होतं मेक्सिकोतल्या तिहुआनात!

आता हे ऐकून “म्हणजे सगळं नकली!” असं म्हणायची घाई करू नका. शंभर वर्षं एका समाजाने रविवारी एकत्र बसून जे खाल्लं ते नकली कसं? ते इटालियन नाही, इटालियन-अमेरिकन आहे. ती स्वतःचा इतिहास असलेली वेगळी परंपरा आहे. आपल्याकडे मंचुरियन बघा ना. अमरावतीत संध्याकाळी कुठल्याही चौकात उभे राहा, गाडीवर मंचुरियन मिळेल. त्याचा मंचुरियाशी काही संबंध नाही. त्याचं श्रेय मुंबईच्या नेल्सन वाँग यांना दिलं जातं, साल १९७५. ते चिनी नाही, पण भारतीय-चिनी म्हणून शंभर टक्के खरं आहे.

संशोधनाच्या भाषेत पहिला धडा हा: “हा पदार्थ अस्सल आहे का?” या प्रश्नाचं उत्तर पुराव्याने देता येत नाही. “हा पदार्थ कोणत्या काळात, कोणत्या लोकांत, कोणत्या कारणाने बदलला?” याचं देता येतं.

मग समाजशास्त्र: महाग कशामुळे झालं?

ज्या इटालियन मजुरांच्या लसणाच्या वासाला एकेकाळी अमेरिकेत नाकं मुरडली जायची, त्यांचंच जेवण आज पांढऱ्या टेबलक्लॉथवर या भावाने कसं विकलं जातं?

न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक कृष्णेंदू राय यांनी २०१६ मध्ये ‘द एथनिक रेस्टॉरेटर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांनी न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंट-मार्गदर्शकांतल्या किमती घेतल्या आणि कुठल्या देशाच्या जेवणाला लोक किती पैसे मोजतात याची उतरंड मांडली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. एखाद्या जेवणाची किंमत फक्त चवीवर किंवा मेहनतीवर ठरत नाही. ते जेवण ज्यांचं आहे त्या लोकांकडे समाज कसा बघतो, यावरही ठरते. इटालियन स्थलांतरितांची पुढची पिढी शिकली, मध्यमवर्गात गेली, गरीब इटालियनांचं नव्याने येणं थांबलं, आणि त्यांच्या जेवणाची पत वर चढली. ज्या देशांतून गरीब लोक अजून येताहेत, त्यांच्या जेवणाने मात्र ‘स्वस्त आणि भरपूर’च असावं अशी अपेक्षा राहते.

माझे इक्वेडोरचे वेटरकाका या उतरंडीत नेमके कुठे उभे आहेत, ते बघा. त्यांच्या हातचं इटालियन जेवण महाग विकलं जातं. त्यांच्या स्वतःच्या गावचं जेवण त्यांनी त्याच टेबलावर ठेवलं, तर तेवढा भाव मिळेल का?

दुसरा अभ्यास भाषेचा आहे. स्टॅनफर्डचे भाषाशास्त्रज्ञ डॅन ज्युरॅफ्स्की आणि सहकाऱ्यांनी सुमारे ६,५०० मेनू संगणकावर तपासले, त्यातले पदार्थ साडेसहा लाखांच्या घरात. २०१४ च्या ‘द लँग्वेज ऑफ फूड’ या पुस्तकात त्यांनी मांडलं, की पदार्थाच्या वर्णनातल्या शब्दांची सरासरी लांबी एका अक्षराने वाढली की त्या पदार्थाची किंमत साधारण १८ सेंटनी जास्त दिसते. आणखी एक गंमत: खूप महागडी ठिकाणं ‘ताजं’, ‘खरं’ असे शब्द फारसे वापरत नाहीत. त्यांच्याकडे ते ताजंच असणार असं गृहीत असतं. ‘खरं’ आहे हे ओरडून सांगावं लागतं ते मधल्या दर्जाच्या हॉटेलांना.

इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा. लांब शब्दांमुळे किंमत वाढते का? नाही. दोन गोष्टी सोबत बदलताना दिसल्या, एवढंच या आकड्यातून कळतं. एकीमुळे दुसरी घडते, हे कळत नाही. उद्या खानावळवाल्याने पाटवडी रस्सा असं न लिहिता चार ओळींचं वर्णन लिहिलं, म्हणून गिऱ्हाईक दुप्पट पैसे देणार नाही. मुलाखतीत हमखास विचारला जाणारा सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक तो हाच. परिभाषा पाठ करण्यापेक्षा हा मेनू लक्षात ठेवा.

आणि माझं विज्ञान: दाताला काय लागतं?

आता माझ्या प्रांतात येते. फेतुचिनी खाताना मला सगळ्यात आवडली ती तिची चावण. मऊ, पण आत किंचित दम असलेली. इटालियन लोक याला ‘अल देंते’ म्हणतात, म्हणजे दाताला लागेल अशी. ही चावण येते कुठून?

साधा गहू आणि ड्युरम यांत जनुकीय पातळीवरच फरक आहे. चपातीच्या साध्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, ड्युरममध्ये २८. ड्युरमचा दाणा कडक आणि काचेसारखा. दळला की मऊ पिठापेक्षा रवाळ भरड सहज निघते. त्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यांमुळे पास्त्याला तो सोनेरी रंग येतो.

शिजताना आत एक शर्यत चालते. एका बाजूला स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. दुसऱ्या बाजूला प्रथिनांचं जाळं उष्णतेने घट्ट होतं. जाळं मजबूत असेल तर फुगलेला स्टार्च आतच अडकून राहतो आणि पास्ता सुटा, चिवट राहतो. जाळं कमकुवत असेल तर स्टार्च पाण्यात निसटतो, पाणी पांढरं होतं आणि पास्त्याचा गिचका होतो. घरी मैद्याच्या स्वस्त शेवया जास्त शिजल्या की काय होतं, ते आठवा.

यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते. उकळलेलं पाणी आटवून त्यात किती घन पदार्थ निसटला त्याचं वजन करता येतं. दर अर्ध्या मिनिटाने एक तुकडा काढून दोन काचांमध्ये दाबायचा. मधली पांढरी रेघ नाहीशी झाली की तो योग्य शिजण्याचा वेळ. चावायला लागणारा जोर यंत्रावर मोजता येतो. रंगही यंत्रावर मोजता येतो.

आणि गंमत म्हणजे इटलीने ‘अस्सल’ची एक व्याख्या कायद्यातच करून ठेवली आहे. तिथे तयार होणारा वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा, असं त्यांच्या १९६७ च्या कायद्याने ठरवलं. ही व्याख्या परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. आजीच्या हाताची चव तिच्यात येत नाही. पण ती तपासता येते. पाकीट उचला, नमुना प्रयोगशाळेत न्या, उत्तर हो किंवा नाही मिळेल. संशोधनात याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात: जी वाचून दुसरा माणूस तीच तपासणी करू शकेल, अशी व्याख्या. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये नेमकी तीच नव्हती.

परत वऱ्हाडात

घरी आल्यावर आजीला फोटो दाखवले. दर्यापूरकडच्या आमच्या घरी अजूनही उन्हाळ्याच्या कामात आजीचा शब्द चालतो. तिने बारीच्या मुलीने पाठवलेला काडीवर वळलेल्या पास्त्याचा फोटो नीट बघितला आणि म्हणाली, “कावं पोरी, एवढ्या दूर जाऊन सरगुंडेच पाहून आली काय तू?”

मग मी विचारलं, “आजी, आपले सरगुंडे अस्सल कशानं होतात?”

“बन्सीनं,” आजी एका शब्दात म्हणाली. थोडं थांबून पुढे म्हणाली, “पण आता बन्सी कोन पेरते?”

सरांच्या पेन्सिलच्या गोलाचं उत्तर आजीच्या या दोन वाक्यांत होतं. एकात व्याख्या आणि दुसऱ्यात प्रश्न.

पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला आपला खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे विहिरीवर ओलीत करायची सोय नाही. अशा काळ्या जमिनीत, पावसाळ्याच्या मुरलेल्या ओलीवर येणारा गहू म्हणजे बन्सी. जिथे पाण्याची सोय झाली, तिथे जास्त उत्पादन देणारा लोकवन आला. पुढे सोयाबीन आणि त्यामागे हरभरा असं चक्र बसलं. शेतकऱ्याचं यात काही चुकलं नाही. ज्याला भाव आणि उतारा, तेच तो पेरणार.

दुसरीकडे ड्युरमवर आपल्याकडे काम झालेलं आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं. ‘शरद’ हे तिथलं ड्युरम वाण. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही ड्युरमची वाणं दिली आहेत. म्हणजे बियाणं आहे, शास्त्र आहे, आजीच्या हातात कौशल्य आहे. पण न्यू जर्सीत ज्या जातीच्या गव्हाच्या ताटाला दादाने एवढे पैसे मोजले, त्याच जातीच्या गव्हाचे आजीचे सरगुंडे आमच्या गावात पाहुणचारापलीकडे जात नाहीत. असं का, हे मला शोधावंसं वाटलं. आणि पहिल्यांदाच ‘आमचं अस्सल’ असा अभिमान मिरवायची गरज वाटली नाही. मला फक्त कारण हवं होतं.

एका शब्दाचे चार प्रश्न

मग मी ‘अस्सल’ हा शब्द सिनॉप्सिसमधून खोडला आणि त्याच्या जागी चार प्रश्न लिहिले. प्रत्येकापुढे, तो कोणत्या पुराव्याने सुटेल तेही लिहिलं.

१. बन्सी आणि लोकवन यांचे सरगुंडे शिजवल्यावर पाण्यात निसटणारा घन पदार्थ, शिजण्याचा वेळ आणि चावण यांत फरक पडतो का? (प्रयोगशाळा)

२. हाताने वळलेला आणि यंत्राने दाबून काढलेला, एकाच पिठाचा, यांत फरक पडतो का? (प्रयोगशाळा)

३. गेल्या दोन पिढ्यांत घरात कोण सरगुंडे करत होतं, आता कोण करतं, आणि कुणी सोडले असतील तर का सोडले? (मुलाखती)

४. खाणाऱ्याला डोळे झाकून फरक ओळखता येतो का? आणि ‘बन्सीचे’ असं आधी सांगितलं तर त्याची पसंती बदलते का? (चव-चाचणी)

चौथा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तो माझ्या विरोधात जाऊ शकतो. लोकांना फरक ओळखताच आला नाही तर? तर मला तसं लिहावं लागेल. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर तुम्हाला चालणार आहे, तो संशोधनाचा प्रश्न नाही.

अर्थात, चारही प्रश्न एका पीएचडीत मावत नाहीत, हेही समितीने सांगितलं. पहिले दोन माझे मुख्य प्रश्न झाले, चौथा लहान भागात बसला आणि तिसरा मला सोडावा लागला. तो समाजशास्त्राच्या कुणीतरी घ्यावा. खरं म्हणजे मी या लेखातून तो जाहीरपणे देऊनच टाकते आहे.

सिनॉप्सिस मंजूर झाला. तेच सर, या वेळी गोल नव्हता. एका जागी फक्त “नमुने किती?” असं लिहिलं होतं. हा प्रश्न मला फार प्रेमाचा वाटला.

हातातलं ज्ञान आणि घड्याळ

यंदा उन्हाळ्यात मी आजीचं काम टिपून घेतलं. कणकेत पाणी किती, असं विचारलं तर उत्तर आलं, “हाताले समजते.” मी वाद घातला नाही. पाण्याचं भांडं आधी तोललं, कणीक भिजवून झाल्यावर परत तोललं, पिठाचं वजन आधीच घेतलेलं होतं. असं चार वेगवेगळ्या दिवशी केलं. चारही दिवशी पाण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं आलं. आजीचा हात कुठल्याही मोजमापाशिवाय काटेकोर होता. त्याची नोंद तोवर कुणी केली नव्हती, एवढंच.

पण आणखी एक गोष्ट दिसली, जी मी वहीत लिहिली नाही. आजीचा उजवा हात आता थरथरतो. दोरी मधेच तुटते. पूर्वी ती बोलता बोलता सूप भरून टाकायची. आता थोडे झाले की काडी खाली ठेवते आणि बोटं चोळत बसते. आईला सरगुंडे येतात, पण आजीइतके बारीक नाही. मला येत नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते, घरातल्या माणसाकडून ज्ञान घेणार असाल तर लवकर घ्या आणि नीट घ्या. आधी संमती विचारा. रेकॉर्डिंग कशासाठी आहे ते त्यांच्या भाषेत सांगा. ते माहिती ‘देतात’ म्हणजे ते आपले सहभागी आहेत, फुकटचा स्रोत नाहीत. मी आजीला विचारलं तेव्हा तिची एकच अट होती: “माहं नाव लिहिजो मंग.” प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ते जाईलच. इथे तिच्याच खासगीपणासाठी लिहीत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

ज्या मुलीने मेसेज केला होता, तिला मी जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते.

तुमच्या विषयाचं शीर्षक कागदावर लिहा. त्यात ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘पौष्टिक’, ‘प्रभावी’, ‘आदर्श’ असा एखादा शब्द असेलच. त्याभोवती स्वतःच पेन्सिलने गोल काढा. मग त्या शब्दाच्या जागी असे प्रश्न लिहा, ज्यांचं उत्तर वजनाने, वेळेने, नोंदींनी किंवा मुलाखतींनी देता येईल. प्रत्येकापुढे पुरावा लिहा. ज्याच्यापुढे पुरावा सुचत नाही तो प्रश्न बाजूला ठेवा, फेकू नका. आणि शेवटी बघा, उरलेल्यांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला नकोसं असू शकतं. तो प्रश्न नक्की ठेवा.

शक्य असेल तर हे काम घरातल्या किंवा बाहेरच्या एखाद्या साध्या जेवणावर करून बघा. अकोल्याच्या स्टँडवरची कचोरी असो, लग्नातल्या पंगतीतलं वांगं असो, की अमरावतीतल्या कॅफेतला व्हाइट सॉस पास्ता. आला कुठून, महाग किंवा स्वस्त कशामुळे, आत काय घडतं, आणि करतं कोण: हे चार प्रश्न कुठल्याही ताटाला विचारता येतात.

परवा दादाचा फोन आला होता. विचारत होता, “मग ते रेस्टॉरंट अस्सल होतं की नाही, शेवटी?” मी म्हटलं, “दादा, ‘अस्सल’ची तुझी व्याख्या आधी पाठव.” तो वैतागला. मी मात्र त्याच्यासाठी सरगुंड्यांचा एक डबा बाजूला काढून ठेवला आहे. बन्सीचे आहेत, आजीच्या हातचे. दिवाळीत येणार आहे तो.

पुढच्या लेखात “नमुने किती?” या प्रश्नाकडे वळू.